पेव उघडताना

हरिपुरात, संगमाच्या अलीकडे,
आमच्या आडतीचं हळदीचं एकच पेव उरलंय.
बाकीची महापुरानं बुजवली,
त्यातल्या दोनांवर आता मंगल कार्यालय.
मी आडतीचा दिवाणजी. बेचाळीस वर्षं
पोती मोजतोय.

परवा तोंडावरचा दगड सरकवला,
लिंपलेली माती ढेकळा-ढेकळानं निघाली.
पण लगेच कुणी उतरायचं नसतं.
चार तास थांबायचं.
आत कोंडलेली हवा असते,
ती नाकाला कळत नाही, गुडघ्यांना कळते.

तर ते चार तास.
लिंबाखाली खुर्च्या, आणि पेवाचं पुढं काय, यावर बैठक.

गोगटे सर म्हणाले,
मोडायला अक्कल लागत नाही.
आज्यानं का खणलं ते समजेपर्यंत
नातवानं फावड्याला हात लावू नये.
मग चष्मा पुसत म्हणाले,
तळाशी हवेचा एक पाइप मात्र टाकू.
हा चष्मा माझ्या वडिलांचा.
काड्या तीनदा बदलल्या, काचा पाचदा,
तरी वडिलांचाच.

पाइप म्हटल्यावर शंभुलिंग गुरव उठूनच उभे राहिले.
भुईच्या पोटाला भोक?
बंद आहे म्हणून तर शुद्ध आहे!
संगमेश्वराला कौल लावल्याशिवाय
एक कुदळ पडू देणार नाही.

पारिसा चौगुले गालात हसले.
मला देव नडत नाही, पेव नडत नाही,
सेस नडतो.
बाजाराच्या पायातलं दावं सोडा.
टिकायचं ते भावावर टिकेल,
नाही टिकलं तर घाला माती.
सर कळवळून म्हणाले,
अरे, मग तू आपल्या बाजूचा कसा?
चौगुले म्हणाले, बटण तर एकच दाबतो की आपण.

सुयशला पेवावर कमान हवी होती,
दगडी, दुरून दिसेल अशी,
आणि फलक : आमची माती, आमचं सोनं.
'आमची' म्हणजे कुणाकुणाची,
हे विचारायच्या आत
त्यानं कमानीचं चित्र मोबाइलवर फिरवलं.

रावसाहेब, सोसायटीचे माजी चेअरमन,
इतका वेळ गप्प होते.
ते म्हणाले, काय बदलायचं ते बदला,
कोण कुठल्या खुर्चीत बसतंय
तेवढं हलवू नका.
आणि चहा मागवला.

मी टिपून घेत होतो.
कुणी म्हणे राखू, कुणी जपू,
कुणी सांभाळू, कुणी टिकवू.
किती क्रियापदं आहेत आपल्याकडं
एकाच भीतीला.

मी काही वेगळा नाही.
पोरगा म्हणतो कॉम्प्युटर घ्या,
मी अजून बोरूसारखा पेन धरतो.
जुनी वही तर देवघरात ठेवलीय.
माझ्या आधीच्या दिवाणजीचं अक्षर,
मोत्यांची ओळ.
त्यात चौऱ्याहत्तर सालच्या वैशाखात एक नोंद :
'हवा खराब. हमाल एक गेला.
पोती एकशे बारा, सुस्थितीत.'
नाव नाही.
ते पान मी कसर लागू दिली नाही असं जपलंय.
कुणाला दाखवलंही नाही.

चार तास झाले.
दोरीला बांधून कंदील सोडला.
ज्योत पिवळी, मग बारीक, मग पुन्हा पिवळी.
सिदू ऐवळेनं कमरेला दोर आवळला.
बैठकीत त्याला खुर्ची नव्हती,
मतही कुणी विचारलं नव्हतं.
जाताना मला एवढंच म्हणाला,
दिवाणजी, दोर तुमी धरा. ही मान्सं बोलत बसत्यात.

खालून आवाज आला,
मडक्यातून यावा तसा :
माल ब्येस हाय!
वर टाळ्या पडल्या.
गुरवांनी हात जोडले, चौगुल्यांनी भाव काढला,
सुयशनं व्हिडिओ सुरू केला.
त्या गलक्यात दुसरं वाक्य आलं,
जरा हळू :
भिताडाला मातूर पाझर फुटलाय, आतनं.

दोर हाताला काचत होता.
पहिलं वाक्य मी शाईनं लिहिलं.
दुसरं पेन्सिलीनं.