शिप, शीप

साताऱ्याच्या प्रशिक्षणात तिसऱ्या दिवशी
आम्हा चाळीस गुरुजींना एकेक रबरबँड मिळाला.
दीर्घ स्वराला ताणायचा,
ऱ्हस्वाला सोडायचा.
माझा पहिल्याच ‘शी’ला तुटला.
चहाच्या सुट्टीत सगळे हसले, मीही हसलो,
दुसरा मागून घेतला
आणि म्हसवडच्या एसटीत खिडकीशी बसून
ओठ फाकवून पुटपुटत राहिलो, शिप, शीप.
शेजारच्या बाईंनी पिशवी मांडीवर ओढून घेतली.

खरं सांगायचं तर
आयुष्यभर मी वेलांट्यांनी पोरांना पिडलं.
पहिली, दुसरी. दिन आणि दीन.
वहीत लाल शाई, तोंडात मात्र
माझा गरीब आणि माझा दिवस एकाच लांबीचा.
‘आणि’तला णि ऱ्हस्व लिहा, असं बजावायचो
आणि बजावतानाच तो लांबायचा.

तर कोकरेवस्तीची शाळा, पट अकरा.
फळ्यावर एक जहाज काढलं, एक मेंढी.
जहाज बरं जमलं.
मेंढीकडे बघून बानू कोकरे म्हणाली,
“गुर्जी, ह्ये कुत्रं हाय.”
तिनंच खडू घेतला, कान खाली पाडले,
नाकाचा बाक काढला,
पाठीवर लोकर कातरल्याच्या रेघासुद्धा.

मग सराव.
शिप. अकरा तोंडं: शीप.
शीप. अकरा तोंडं: शीप.
रबरबँड ताणला, सोडला,
गळ्यावर हात ठेवायला लावला,
हसल्यासारखे ओठ करा म्हटलं
तर सगळी खरंच हसत सुटली.
जहाज काही पाण्यात उतरेना.

बानूला वेगळाच घोर.
“येवढं थोरलं जहाज, त्याला येवढासा आवाज,
आन् मेंढराला लांब?”
मी म्हटलं, इंग्रजांना विचार.
“आन् एक आसलं तरी शीप, शंभर आसली तरी शीप?
मग मोजायची कशी?”
तिचा बाप विसांनी मोजतो:
पाच इसा नि सात,
सातातली एक लंगडी.

दुपारी ओढ्याकडनं हाळी आली.
बाप कळप वळवत होता.
आवाज बाभळींवरून, कोरड्या बंधाऱ्यावरून
पार टेकाडापर्यंत जाई
नि मागं राहिलेल्या मेंढराला घेऊनच परते.
बानू खिडकीतून बघत होती.
कुणी विचारलं नसताना म्हणाली, शीईप.
असा दीर्घ, की प्रशिक्षणातल्या मॅडमनी
हातातली वही खाली ठेवली असती.
मग दगडावर काठी टेकवावी तसं,
लगेच उचलून घेतलेलं: शिप.

“लांब त्ये हाळीचं,” ती पोरांना सांगू लागली,
“आखूड त्ये काठीचं.”
मी रबरबँड खिशात टाकला.
पुढं तो हजेरीच्या पुडक्याला कामी आला.

दिवाळीनंतर पाठ आला लिव्ह आणि लीव्हचा.
तोवर घोड्यांवर बिऱ्हाडं चढली होती,
पट अकराचा सात.
फळ्यावर दोन्ही शब्द लिहिले,
समोर अर्थ: राहणे, निघणे.
सातजणांनी दोन्ही एकसारखंच म्हटलं.
मी दुरुस्त केलं नाही.
उरलेला तास गणिताला दिला.

फाल्गुनात तिच्या बापाच्या नंबरावरून फोन.
वरंधा उतरून खाडीच्या अंगाला कुठंतरी,
वारा, कुणाच्या तरी गळ्यातली घंटा,
पाच इसांचा एकच गलका,
आणि त्यातून बानू:
“गुर्जी, शिप बघितलं. खरंखुरं.”

ऱ्हस्व. स्वच्छ. कुठंही न ताणलेला.
मी विचारलं, केवढं होतं गं?
“लई लांब व्हतं,” ती म्हणाली,
“ह्येवढुसं दिसत व्हतं.”