सतरा पावलं

ग्युम्रीच्या ग्रंथालयाचं छप्पर आखताना
मी उजेडाचा हिशेब मांडत होते :
दुपारी तीनला ऊन कुठल्या टेबलावर उतरेल,
हिवाळ्यात किती तिरपं.
सगळ्यात आत, काळ्या दगडात
एक कोनाडा काढला मुलांसाठी,
तीन पोरं पाय पोटाशी घेऊन बसतील एवढा.
नकाशात मी त्याच्यावरूनच बोट फिरवायचे.

उद्घाटनाला गाव लोटलं.
मी झरोका दाखवत होते,
आणि लोक बघत होते
तुळई भिंतीला टेकते तिथे.
उस्ता मुकुच, जुना गवंडी,
त्याने भिंत वाजवून पाहिली
बाजारात कलिंगड वाजवावं तशी. कान लावला.
मग दारापासून कोनाड्यापर्यंत चालत गेला, ओठ हलवत.
"सतरा," म्हणाला.
मला वाटलं, लांबी सांगतोय.

सिरानुश रोज रात्री खुर्च्या आत लावायची.
दुपारपर्यंत त्या दाराशी गोळा.
तिथे फटीतून वारा येतो,
माणसं कोट घालून वाचत बसायची,
पान उलटायला तेवढा हातमोजा काढायची.

मी चिडले. आराखडे उघडले,
सळ्यांची जाडी दाखवली, पोलादाचे दाखले दाखवले.
मुकुच म्हणाला, "कागद आमच्याकडेही होते."
त्याने बांधलेल्या शाळेचं नाव
गावात कुणी काढत नाही.

घरी आई भांडी पुसत होती.
"तू तेव्हा पोटात होतीस," म्हणाली,
"तुला इमारत उभी दिसते.
आम्हाला दोन्ही दिसतं."
आणि पुढची बशी घेतली.

जानेवारीत एका संध्याकाळी
सिरानुशची नात जारुही
कोनाड्यात झोपून गेली, पुस्तक छातीवर पालथं.
बंद करायची वेळ.
सिरानुश मागे कोळसा भरत होती,
मी शिडीवर, दिवा बदलत.
मुकुचने दारातून हाक मारली. पुन्हा मारली.
पोर कसली उठतेय.

मग तो निघाला.
मीही मोजू लागले, वरून.
नऊला थांबला, टोपी काढली,
अकराला मागे वळून पाहिलं,
पुढची पावलं त्याने इतकी आखूड टाकली
की सतरावर कोनाडा आलाच नाही.
बावीस झाली.

तिला उठवलं नाही.
शेजारी टेकला, म्हातारे गुडघे
कोनाड्यात मावेनात, बाहेर राहिले.
मग हात वर नेऊन भिंत वाजवली,
या वेळी एका बोटाच्या पेराने,
झोप मोडणार नाही इतपत.

मी शिडीवरून उतरले, दाराशी गेले,
दोन्ही फळ्या सताड उघडून
एकीला पाठ लावून उभी राहिले.
नव्या फरशीवर बर्फ येत होता.
येऊ दिला.