फॉर्मवर नसलेला रकाना

मुहर्रकच्या क्लिनिकात एसी इतका
की जेल लावायच्या आधीच पोट आकसतं.
डॉक्टर नेव्हीन स्क्रीन माझ्याकडे वळवते:
काळे ठिपके, कडेकडेने ओवलेले.
"मोत्यांची माळ म्हणतो आम्ही याला."
इथल्यांचे आजे नाकाला चिमटा लावून
मोत्यांसाठी तळाशी जायचे.
माझे हे असे, फुकटचे,
आणि एकही पिकलेला नाही.

आईला? बहिणीला? मावशीला?
नाही. नाही. मावशीला पाच पोरं.
फॉर्म तिथेच संपतो.

द्वारका आत्याला कुणी विचारलंच नाही.
कडी लावून ती हनुवटीवर दोरा फिरवायची,
मला वाटायचं, दाढ दुखतेय.
लग्नाच्या तिसऱ्या वर्षी सासरच्यांनी
गुहागरच्या एसटीत बसवून दिली,
सोबत तिचीच ट्रंक.

"वडिलांकडूनही येतं," नेव्हीन म्हणते,
"एकच जीन नसतो. पुष्कळ. थोडं थोडं.
पुरुषांत कधी दिसतं: साखर, लवकर टक्कल."

बाहेर बाबा बसलेत, ड्राय डॉकची शिफ्ट टाकून,
माझं टोकन मुठीत.
पहिल्या पासपोर्टावर तेवीस वर्षांचे,
आणि कपाळ तेव्हाच मागे सरकलेलं.
घरी सगळे हेल्मेटला दोष द्यायचे,
इथल्या खाऱ्या पाण्याला.

"काय निघालं?"
"आत्याचा नंबर आहे तुमच्याकडे?"
ते चष्मा चाचपतात. 'द्वाकी' नावाने सेव्ह केलाय.
आम्ही दोघं मोजतो.
नऊच आकडे.