सी-सिक्स

रुवीत रात्री दीडला एसीचा कॉम्प्रेसर दम खातो,
तेवढ्यात ऐकू येतो कपाटावरचा सर्व्हर.
कोयाने जाताना बारा रियालला दिलेला,
पंख्यात अजून त्याच्या ऊदाची राख.

वीजबिल आम्ही तिघांत वाटतो.
चौथा हा. हा काही देत नाही.

पॉवरटॉप लावला.
प्रोसेसरच्या झोपेलाही पायऱ्या असतात:
सी-वन म्हणजे बसल्या बसल्या डुलकी,
सी-थ्रीला कूस बदलते,
आणि सी-सिक्सला तर व्होल्टेजसुद्धा
चपला काढून आत जातं.
सी-सिक्ससमोर शून्य.
आठवडाभर गडी उंबऱ्यावरच.

बायोसमध्ये सगळं चालू होतं.
यूएसबी उपसून पाहिली, जुनी डिस्क सोडवली.
शून्यच.

मग सापडली सहा ओळींची स्क्रिप्ट,
कोळिकोडच्या एका राउटरला हाक मारणारी.
उत्तर आलं की वेळ लिहायची,
नाही आलं तरी लिहायची,
आणि लगेच पुन्हा हाक.
मध्ये थांब म्हणणारी ओळच नव्हती.
कोया तर मार्चमध्येच
त्याच राउटरच्या घरी पोचलाय.

डिलीटवर बोट होतं.
शेवटची नोंद: उत्तर आलं, तीन सतरा, तिकडची वेळ.
म्हणजे तिथे लाइट आहे.

सातवी ओळ मी लिहिली: स्लीप साठ.

पंखा उतरला.
सी-सिक्स, एक्याण्णव टक्के.
बिलात पडतील थोड्या बैसा, पडोत.

चारला साइटची बस.
मी बूट न काढताच आडवा झालो.