चौथा खंड सोडून

पहिल्या खंडापासून सुरू करू नका.
काजळद्वीपाचा पहिला खंड म्हणजे नुसती वंशावळ,
कोण राजा, कोणाचा कोण काका, कोणाला कुठल्या बेटावर हाकललं.
तिसऱ्यापासून घ्या.
तिसऱ्यात पहिल्याच पानावर समुद्र आटतो
आणि खदरू नावाडी होडी खांद्यावर टाकून
मिठातून चालायला लागतो.
तिथे एकदा अडकलात की मागे जा,
मग वंशावळसुद्धा गोड लागते.

वीजबिलाच्या खिडकीवरून सुटले की
महालातल्या वाचनालयात बसून
अकरा वर्षं मी हेच सांगत आले आहे.
कॉलेजातली पोरं विचारतात, ड्रॅगन आहे का त्यात?
नाही रे बाबा.
एक म्हातारी घोरपड आहे, ती घरोघरी कर वसूल करते,
आणि लोक तिला पाहून दारं लावून घेतात.
मला ती फार जवळची वाटते.

पराते काका म्हणाले, हे भुताखेताचं आपल्या कामाचं नाही जी.
चाळीस वर्षं हातमागावर बसलेला माणूस.
त्यांना मी पाचवा दिला.
म्हटलं, यात सावल्या विणणारी एक बाई आहे,
तिचा माग लेखकानं धड पाहिलेला दिसत नाही,
चुका तेवढ्या काढून द्या.
चौथ्या दिवशी आले. धोटा उलटा, फणी चुकीची,
पायड्या मोजल्या तर एक कमीच.
आणि जाता जाता, पिशवी सावरत,
सहावा आहे का जी?

चौथा मात्र नाही.
चौथा कोणा साहेबानं नेला
आणि त्याची गडचिरोलीला बदली झाली.
पुन्हा छापलाही नाही कोणी.
म्हणून चौथा मी सांगते. तोंडी, शनिवारी, घरी.
मी तरी कुठे वाचला होता?
पाचव्यात खदरूचं नावच येत नाही,
तेवढ्यावरून मी ठरवलं
की तो पलीकडच्या किनाऱ्याला पोचला,
होडी उलटी टाकून तिचं छप्पर केलं
आणि आता त्याला कोणी राजा-बिजा हाक मारत नाही.

संघमित्रा गजभिये, मेडिकलच्या जळीत वॉर्डात नर्स,
तिनं हे ऐकलं आणि रात्रपाळीत सांगितलं
सात नंबरच्या पोराला.
तो रोज ड्रेसिंगच्या वेळी विचारायचा,
पोचला का बे तो?
ती म्हणायची, आज अर्ध्यात आहे.
असा तिनं खदरूला एकवीस दिवस चालवला.

यंदाच्या मे महिन्यात, पारा सेहेचाळीसवर,
स्कार्फ तोंडाला गुंडाळून सीताबर्डीच्या फूटपाथवर
जुन्या गाइडांच्या ढिगात
मला चौथा सापडला.
चाळीस रुपये. मी घासाघीस केली नाही.
रात्रभर कूलरसमोर वाचला,
ओल्या वाळ्याचा वास, पानं फडफडणारी,
अंगठ्यानं दाबून धरलेली.

दोनशे बाराव्या पानावर खदरू मरतो.
एका वाक्यात.
तेही कंसात.

मी लेखकावर रागावले नाही. त्याचं बेट, त्याचा समुद्र.
पण सात नंबरचा पोरगा आता शाळेत जातो,
जिना चढताना मोठ्यानं पायऱ्या मोजतो, असं संघमित्रा सांगत होती,
आणि मला कंस बंद करता येईना.

आमच्या कूलरच्या स्टँडचा एक पाय आखूड होता,
खडखड खडखड, शेजारीसुद्धा बोलत.
आता नाही वाजत.
परवा पराते काका आले,
पाण्याचा ग्लास हातात, खाली वाकून पाहिलं,
मग माझ्याकडे पाहिलं.
धोटा या वेळी सरळ गेला म्हणायचा, एवढंच बोलले.

तर तिसऱ्यापासून घ्या.
मग पहिला, दुसरा, कंटाळलात तर घोरपडीची प्रकरणं आधी.
पुस्तकाची पानं दुमडू नका, वाचनालयाचं आहे.
आणि चौथ्यासाठी शनिवारी या, सहानंतर,
उन्हं उतरली की.
चटई टाकून ठेवते.
कूलरजवळची जागा तेवढी माझी.