उतारासाठी

दोंडाईचा रस्त्यावर, जिनिंगच्या भिंतीला लागून
युनूस पिंजारीचं दुकान.
आजा कापूस पिंजायचा, बाप गाद्या भरायचा,
हा चाकं सरळ करतो.
काउंटरवर त्यानं तीन खोकी उघडली, म्हणाला,
"पह्यले सांगा ताई, तुम्हले थांबानं शे
का नुसतं हळू व्हवानं शे?"

मी भूमी अभिलेखात. मोजणी करते.
बावीस वर्षं लोकांच्या बांधांवरून हिंडले,
उतार मला आकड्यांत कळतो, दहाला एक, आठाला एक.
पण हे मला कुठल्या नकाशानं विचारलं नव्हतं.

तारेचा ब्रेक वापरून झालाय.
तार ताणते, गंजते, रुसते.
गेल्या माघात तोरणमाळहून खाली येताना
पाचव्या वळणावर माझी बोटं माझी राहिली नव्हती,
शहाद्यात पोचल्यावर चहाचा कप दोन्ही हातांनी धरला.

तेलाचं तसं नाही, युनूस सांगतो.
तेल दाबून आकसत नाही.
इकडे एक बोट वाकवा, तिकडे दट्ट्या सरकतो.
फक्त नळीत हवेचा बुडबुडा शिरायला नको,
शिरला की लिव्हर पिकल्या केळासारखी मऊ,
दाबत जा, हाताला काही लागत नाही.
एक तेल हवेतलं पाणी पितं, एक पीत नाही.
"आपल्याकडे मे महिन्यात हवेत पाणी शे कुठं?"
असं म्हणून स्वतःच हसतो,
आणि न पिणाऱ्याचं खोकं माझ्याकडे सरकवतो.

दोन दट्ट्यांचे की चार?
घाट आहे, चार.
पॅड राळेचे की धातूचे?
राळेचे मुके असतात, तापले की हात सोडतात.
धातूचे कोकलतात, पण धरून ठेवतात.
मी कोकलणारे घेतले.
ओरडणारा शेजारी परवडतो,
मुकाट्यानं बांध कोरणारा नाही.

पुढे दोनशे तीनची चकती, मागे एकशे ऐंशीची,
कारण उतरताना सगळं वजन पुढे येतं,
माझं, आणि पाठीवरच्या डब्यातल्या कळण्याच्या भाकरीचंसुद्धा.
अकरा हजार चारशे.
घरी आठ सांगितले.

रात्री शेवभाजीवरून उठून नवरा म्हणाला, बघू,
आणि चकतीवरून बोट फिरवलं.
तर्रीचं लालभडक बोट.
दुसऱ्या दिवशी स्पिरिट, पॉलिश पेपर, युनूसच्या शिव्या.
तेव्हापासून आमच्याकडे
सायकलीपाशी जायच्या आधी हात धुतात.

मग पॅड चकतीवर बसवायचे.
रविवारच्या रिकाम्या मार्केट यार्डात
तीस वेळा पळवली, तीस वेळा थांबवली.
पोत्यांवर बसून हमाल मोजत होते.
विसाव्याला एकानं विचारलं, काही हरवलंय का बाई?

आणि काल तोरणमाळ.
वर जाताना सगळे विचारतात, गिअर किती, दम लागला का.
खाली कशी येणार, ते कुणी विचारत नाही.
युनूसनं विचारलं होतं निघताना, आपल्या पद्धतीनं,
"चढाले पाय लागतस. उतराले?"
आणि उत्तर न ऐकता शटर ओढलं.

पाचवं वळण.
वळणापलीकडे बकऱ्या, रस्ताभर, निवांत.
एक बोट. दोन बोटं.
धातू कोकलला, डोंगरानं तो आवाज परत दिला,
पुढच्या बोकडापासून हातभर अंतरावर
मी उभी. एक पाय जमिनीवर.
काहीच घडलं नाही.
अकरा हजार चारशे रुपये
मी या काहीच-न-घडण्याचे मोजले होते.

कठड्यावरून पावरा पोरगा उतरला, काठी काखेत.
चकतीजवळ बोट नेलं. मी ओरडले, हात नको, भाजेल!
मग त्यानं लिव्हर दाबून धरली
आणि दुसऱ्या हातानं सायकल ढकलून पाहिली.
हलेना. पुन्हा. हलेना.
एका बोटानं.
बराच वेळ तो बोकडाकडे पाहत राहिला,
मग माझ्याकडे,
"याला बसंल का?"