पाचपावलीचा ळ

गोळीबार चौकात, झेरॉक्सच्या दुकानावरच्या खोलीत
कूलरचं पाणी संपलंय आणि उठायला कुणी तयार नाही.
इश्तियाक यादी वाचतो, मी खुणा करते,
निमजे सर मानेवरचा घाम पुसत म्हणतात, पुढचं.

महापालिकेच्या शाळांना द्यायचंय.
जुने संगणक, दोन जीबीचे, कुठल्यातरी बँकेने टाकून दिलेले.
त्यांवर चालेल असं सगळं, आणि सगळं मोकळं:
उघडून बघता यावं, बदलता यावं, शेजाऱ्याला देता यावं
आणि देताना इकडेतिकडे बघावं लागू नये.
हे वाक्य माझं. मी ते भिंतीवर लिहिलं
आणि तेव्हापासून दोघंही माझ्यावर चिडून आहेत.

गणिताचा खेळ गेला. चांगला होता.
तळाशी बारीक अक्षरात: पैसे घेऊन वाटू नये.
खालचा झेरॉक्सवाला पेनड्राइव्ह भरून द्यायचे वीस रुपये घेणार,
मग तो चोर?
वीस रुपयांसाठी कोण जातंय कोर्टात, सर म्हणाले.
कुणी नाही जाणार सर. पण त्याला आपण सांगितलंय, मोकळं आहे.

एकाने लिहिलेलं: हा प्रोग्रॅम फक्त सत्कार्यासाठी वापरावा.
सत्कार्य कोण ठरवणार, तहसीलदार?
इश्तियाक हसला आणि खोडलं.

वायफायच्या चिपसाठी कंपनीचा एक तुकडा, सीलबंद.
आत काय, ते कंपनी जाणे.
काढला तर अकरा शाळा नेटशिवाय.
दोन संध्याकाळी भांडलो. मग ठेवला,
वेगळ्या फोल्डरात, वर नाव लिहून,
माळकऱ्याच्या घरात पोराचा अंड्यांचा ट्रे
बाल्कनीत ठेवतात तसा.

मग पाचपावली.

बळीराम पराते, पेंटर. इतवारीतल्या निम्म्या पाट्या त्यांच्या.
फ्लेक्स आला तेव्हा ब्रश धुऊन ठेवले,
भाच्याकडून माउस धरायला शिकले,
आणि अकरा महिने एकेक अक्षर बसवत राहिले.
त्यांचा ळ बघा: दोन्ही वाट्या भरलेल्या,
जेवून, मांडी घालून बसल्यासारखा.
मागेल त्याला दिला. चहाही घेतला नाही.
फाईल उघडली तर नाव आहे, साल आहे,
परवान्याच्या जागी काहीच नाही.

मौन म्हणजे संमती, हे लग्नाच्या बैठकीत चालतं.
इथे मौन म्हणजे नाही.
आणि विचारायला माणूस उरला नाही.

मुलाचं दुकान तिथेच, फ्लेक्सचं.
मशीन वाढदिवसाचं बॅनर ओकत होतं.
"घ्या ना मॅडम, बाबाचंच हाय. कोन इचारते?"
मी कागद पुढे केला.
त्याने बोट ठेवून वाचला. कुणीही वापरावा. बदलावा.
विकावा, इथे बोट थांबलं.
"इकाचं बी? बाबानं त कोनाले इकला नाही."
म्हणाले, तुम्ही विका असं नाही. कुणी विकला, तर अडवणार नाही, एवढंच.
"आन् कोनी त्याचा ळ बिघडवला तं?"

याचं उत्तर माझ्याकडे होतं, कलमासकट.
दिलं नाही.
त्याने कागद घडी करून खिशात ठेवला.
"बहिणीले इचारतो. भंडाऱ्याले अस्ते. तिचं बी अर्धं हाय ना."

रात्री साडेअकराला शेवटची प्रत बांधली.
शाळा, फळा, वेळ, खेळ,
सगळे दुसऱ्या फॉन्टात, उपाशी ळ घेऊन.
निमजे सरांनी पडद्याकडे बघितलं, काही बोलले नाहीत,
बादली उचलून कूलर भरायला गेले.

यादीत एक ओळ मी हाताने घातली:
पाचपावली. थांबवला आहे. दोष नाही.
भंडाऱ्याहून उत्तर यायचंय.